वाचनाची वार्षिक नोंद: आधी नियम, मग आकडा, आणि मत त्याच दिवशी

वर्षाला अमुक इतकी पुस्तकं वाचायची असं ठरवलेल्या बऱ्याच जणांच्या याद्या डिसेंबरात सारख्याच दिसतात. नावं असतात, पुढे चार-पाच चांदण्या असतात, पण मार्चमध्ये वाचलेल्या कादंबरीबद्दल नेमकं काय वाटलं होतं ते कुठेच नसतं. विचारलं तर "छान होती" यापुढे गाडी सरकत नाही. माणूस मन लावून वाचतो आणि तरी असं होतं, कारण कामांचा क्रम उलटा लागलेला असतो. आकडा सर्वांत आधी ठरतो, काय मोजायचं हे मध्येच कधीतरी सोयीनं ठरतं, आणि मत लिहिणं "सवडीनं करू" म्हणून मागे पडतं.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिले तीन एका निवांत दुपारी उरकतात, बाकीचे वर्षभर चालतात. वर्ष निम्मं सरलं असलं तरी सुरुवात करता येते, फक्त आकडा त्या प्रमाणात कमी धरा.

## पूर्वतयारी

मागच्या वर्षभरात वाचलेली पुस्तकं आठवतील तशी एका कागदावर उतरवा. फोनमधली ऑर्डरची यादी, ग्रंथालयाचं खातं आणि घरातलं कपाट यांची मदत घ्या. आठवून लिहिलेल्या नावांपुढे तारखा टाकू नका, त्या अंदाजाने टाकल्या जातात आणि पुढे खऱ्या वाटू लागतात. प्रत्येक नावापुढे पृष्ठसंख्या मात्र लिहा आणि सरासरी काढा. तुमची सरासरी १८० पानांची आहे की ४०० ची, यावर पुढचं सगळं गणित उभं राहणार आहे.

## टप्पा १: काय मोजायचं ते लिहून काढा

हे डोक्यात ठेवू नका. नोंदवहीच्या पहिल्या पानावर किंवा संगणकावरच्या तक्त्याच्या (स्प्रेडशीटच्या) वेगळ्या पानावर लिहा. बहुतेकांचा घोळ पुढच्या प्रश्नांवर होतो.

पुनर्वाचन. पूर्ण पुन्हा वाचलं असेल तर मोजा, पण खूण वेगळी ठेवा. आवडती चार प्रकरणं चाळली तर ते वाचन मोजू नका.

अर्धवट सोडलेलं पुस्तक. आकड्यात धरू नका, नोंदीत मात्र जरूर ठेवा. कुठल्या पानावर सोडलं आणि का सोडलं, ही तुमच्या आवडीनिवडीबद्दलची फार मोलाची माहिती असते. मला तर पूर्ण केलेल्या पुस्तकांइतकीच ही यादी कामाची वाटते.

श्राव्य पुस्तक. संपूर्ण आवृत्ती ऐकली तर ते पुस्तकच आहे. संक्षिप्त आवृत्ती किंवा सारांश ऐकला तर नाही. पृष्ठसंख्येच्या रकान्यात तास लिहू नका, छापील आवृत्तीची पानं लिहा आणि तासांसाठी वेगळा रकाना करा. एकाच रकान्यात दोन्ही आले की बेरजेला अर्थ राहत नाही.

एका बांधणीत अनेक पुस्तकं. तीन कादंबऱ्या एका खंडात असतील, तर त्या मूळ स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाल्या होत्या का ते पाहा. झाल्या असतील तर तीन, नसतील तर एक.

पातळ पुस्तकं. एकांकिका, दीर्घकविता, ४८ पानांची पुस्तिका. माझं मत असं की कवितेला पानांची अट लावू नये. ६० पानांचा कवितासंग्रह नीट वाचायला कधीकधी ३०० पानांच्या कादंबरीपेक्षा जास्त दिवस लागतात. गद्यासाठी मात्र एखादी किमान मर्यादा ठेवा.

वर्ष ओलांडणारं पुस्तक. ज्या वर्षी संपलं त्या वर्षाचं. हा नियम सर्वांत सोपा आणि बहुतेक ऍपही असंच मोजतात.

अभ्यासासाठी किंवा नोकरीसाठी वाचलेलं, मुलांना वाचून दाखवलेलं, नियतकालिकांचे विशेषांक, याबद्दल तुम्हाला पटेल ते ठरवा. पण ठरवा.

सावधान: वर्षाच्या मध्यात नियम बदलू नका. बदलावासा वाटला तर पुढच्या वर्षासाठी टिपून ठेवा. ऑक्टोबरात मागे पडल्यावर सैल केलेला नियम सगळ्या वर्षाची तुलना बिघडवतो.

## टप्पा २: वेग मोजा, मगच आकडा ठरवा

दुसऱ्याचा आकडा उचलणं ही सर्वांत मोठी चूक. कुणी वर्षाला १०० पुस्तकं वाचतो, पण त्याची पुस्तकं किती पानांची आणि त्याला रोज किती वेळ मिळतो हे तुम्हाला माहीत नसतं.

घड्याळ लावून अर्धा तास वाचा आणि पानं मोजा. एकदा कथात्म पुस्तकावर, एकदा वैचारिक किंवा माहितीपर पुस्तकावर, आणि दोन भाषांत वाचत असाल तर दुसऱ्या भाषेतही. हे आकडे वेगवेगळे येतील, यावेत. नेहमीच्या गतीने वाचा, परीक्षा असल्यासारखं पळू नका.

आता गणित. समजा अर्ध्या तासात सरासरी १५ पानं होतात आणि आठवड्यातले ५ दिवस ४० मिनिटं मिळतात. म्हणजे दिवसाला २० पानं, वर्षाचे २६० दिवस, एकूण ५,२०० पानं. यातून पाचवा हिस्सा वजा करा: आजारपण, प्रवास, पाहुणे, आणि सोडून दिलेल्या पुस्तकांवर गेलेला वेळ. उरली ४,१६० पानं. तुमचं सरासरी पुस्तक २५० पानांचं असेल तर हिशोब १६ पुस्तकांच्या थोडा पुढे जातो. तुमचा आकडा १६.

तपासणी: उलटं करून पाहा. १६ पुस्तकं गुणिले २५० म्हणजे ४,००० पानं, २६० दिवसांत रोजची साधारण १५. म्हणजे रोज जेमतेम अर्धा तास. "हे रोजच्या धावपळीत जमेल का?" या प्रश्नाला बिनधास्त हो म्हणता आलं तर आकडा पक्का करा. मनात चलबिचल झाली तर दोन पुस्तकं कमी करा.

जाड ग्रंथ वाचायची इच्छा असेल तर पुस्तकांऐवजी पानांचं उद्दिष्ट ठेवा. पुस्तकांचा आकडा नकळत पातळ पुस्तकांकडे ढकलतो, आणि कपाटातला ८०० पानांचा ग्रंथ वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

## टप्पा ३: नोंदीची एकच मुख्य जागा निवडा

वही, तक्ता किंवा ऍप. तिन्ही चालतात, पण मुख्य जागा एकच. थोडी नोंद इथे, थोडी तिथे ठेवली की जूनपर्यंत दोन्हीकडचे आकडे वेगळे होतात आणि खरा कोणता ते कळेनासं होतं.

वहीत मत मोकळेपणानं लिहिलं जातं, पण शोधता येत नाही. वही वापरणार असाल तर पुस्तकागणिक एक पान सोडा, पानांना क्रमांक द्या आणि शेवटच्या दोन पानांवर अनुक्रमणिका ठेवा.

तक्त्यात एवढे रकाने पुरतात: नाव, लेखक, अनुवादक, भाषा, प्रकार, पृष्ठसंख्या, स्वरूप (कागदी, ई-पुस्तक, श्राव्य), सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, स्थिती, गुण, कच्चं मत (पुस्तक संपल्यावर लगेच स्वतःसाठी लिहिलेलं). तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहिली तर ती मजकूर म्हणून साठली तरी क्रम नीट लागतो. मराठीत तक्ता करणाऱ्यांनी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी तपासाव्यात. देवनागरी अंक टाकून बेरीज येते का ते पाहा, काही ठिकाणी ते अंक न मानता मजकूर मानले जातात. आणि लेखकाच्या आद्याक्षरांची एकच पद्धत ठरवा. टिंबानंतर एकदा जागा सोडली आणि एकदा नाही, तर गाळणीत (फिल्टर लावल्यावर) तो लेखक दोन वेगळ्या माणसांसारखा दिसतो.

वाचनाची नोंद ठेवणाऱ्या ऍपमध्ये गुडरीड्स, स्टोरीग्राफ, लायब्ररीथिंग हे पर्याय बहुतेकांना ठाऊक असतात. गुडरीड्सचं वार्षिक आव्हान संपल्याच्या तारखेवर चालतं, त्यामुळे तारीख भरली नाही तर वाचलेलं पुस्तकही मोजलं जात नाही. "माझा आकडा कमी का दिसतो?" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. तिथे चांदण्या पूर्णच देता येतात. स्टोरीग्राफवर पाव चांदणीपर्यंत बारकावा मिळतो. कुठलंही ऍप निवडा, पण आपली नोंद फाइल म्हणून उतरवून घेता येते ना, हे आधी पाहा. गुडरीड्सवरून ती सीएसव्ही फाइलच्या (तक्त्यात उघडता येणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलच्या) रूपात निघते आणि स्टोरीग्राफ तीच फाइल आत घेऊ शकतं.

आवृत्तीकडे लक्ष द्या. हातातल्या पुस्तकाचा आयएसबीएन (पुस्तकाच्या आवृत्तीला दिलेला ओळख क्रमांक) टाकून शोधलं तर पृष्ठसंख्या बरोबर येते. हा क्रमांक १ जानेवारी २००७ पासून १३ अंकी झाला, त्याआधीच्या पुस्तकांवर १० अंकी असतो, आणि फार जुन्या पुस्तकांवर नसतोच. अशा वेळी नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे शोधा. मराठी पुस्तकं कधी एका लिपीत, कधी दुसऱ्या लिपीत नोंदलेली असतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकानेही शोध हुकतो. न पाहता नवी नोंद केली की एकाच पुस्तकाची मतं दोन जागी विखुरतात.

तपासणी: पुढे जाण्याआधी मागच्या वर्षीचं एक पुस्तक पूर्ण नोंदवून पाहा. मत लिहिण्याचा वेळ सोडून पाच मिनिटांपेक्षा जास्त लागला तर रकाने कमी करा. जास्त रकाने हौसेनं आखले जातात आणि फेब्रुवारीत रिकामे पडतात.

## टप्पा ४: वाचतानाच्या खुणा

पुस्तक हाती घेतलं की त्याच दिवशी सुरुवातीची तारीख टाका आणि एक कोरी चिठ्ठी आत ठेवा. चिठ्ठीवर फक्त पानाचा क्रमांक आणि तीनपैकी एक खूण: उतरवून घ्यावंसं वाटलं, शंका आली, खटकलं. वाक्य लिहीत बसू नका, वाचनाचा धागा तुटतो. ग्रंथालयाच्या किंवा उसन्या पुस्तकात पेन्सिलसुद्धा लावू नका.

ई-पुस्तकात अक्षरं लहान-मोठी केली की पानं बदलू शकतात, तेव्हा प्रकरणाचा क्रमांकही टिपा. श्राव्य पुस्तकात प्रकरण आणि मिनिट.

एका वेळी दोनपेक्षा जास्त पुस्तकं "वाचतोय" मध्ये असतील तर तिसरं सुरू करण्याआधी थांबा. तीन आठवडे न हललेलं पुस्तक "बाजूला ठेवलं" या स्थितीत टाका. ते अपयश मानू नका, पण नोंद खरी असू द्या.

## टप्पा ५: संपल्या दिवशीचा क्रम

सगळ्या मार्गदर्शकातला हा टप्पा पाळला आणि बाकीचे सैल सोडले तरी चालेल. पुस्तक मिटल्यावर या क्रमाने जा:

१. संपल्याची तारीख.
२. कच्चं मत, दहा मिनिटं.
३. गुण.
४. आकडा.
५. त्यानंतरच इतरांची मतं.

बहुतेक जण पाचव्यापासून सुरुवात करतात. शेवटचं पान उलटलं की लगेच "बाकीच्यांना काय वाटलं?" हे पाहिलं जातं, आणि चार परिच्छेद वाचून झाल्यावर स्वतःचं काय वाटलं होतं ते वेगळं काढता येत नाही. तुम्हाला कंटाळवाणा वाटलेला मधला भाग "संथ पण सखोल" होऊन जातो. आवडलेलं साधं पुस्तक सांगायला संकोच वाटू लागतो. मत पातळ होण्याचं याहून मोठं कारण मला दिसत नाही.

कच्चं मत लिहिताना चिठ्ठी समोर ठेवा आणि या प्रश्नांची उत्तरं लिहा. पुस्तकाला काय करायचं होतं? ते कुठे जमलं, कुठल्या पानावर? कुठे माझं लक्ष सुटलं? वाचण्याआधी जे वाटत होतं त्यातलं काय बदललं? शेवटचा प्रश्न टाळू नका. उत्तर "काहीच नाही" असलं तरी तसं लिहा.

फरक दिसावा म्हणून एक काल्पनिक नोंद घेऊ. "भाषा ओघवती, पात्रं जिवंत, शेवट चटका लावणारा." हे कुठल्याही कादंबरीला चिकटवता येईल. आता ही पाहा: "थोरली बहीण घर विकायला तयार होते ते प्रकरण ९ मध्ये एका पानात उरकलंय. त्याआधी शंभर पानं तिचा नकार इतक्या बारकाईनं दाखवलाय की हा होकार पटत नाही. पण स्वयंपाकघरातले संवाद अस्सल, कोण बोलतंय ते नाव न वाचता कळतं." वर्षभरानंतर दुसरी नोंद पुस्तक डोळ्यांसमोर उभं करते.

सावधान: विशेषण लिहिलंत की लगेच "कुठे?" असं विचारा. पान किंवा प्रसंग सांगता आला नाही तर विशेषण खोडा.

त्या रात्री दमला असाल तर तीन तुटक ओळी चालतील, बोलून ध्वनिमुद्रण केलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठीक आहे. पुढचं पुस्तक मात्र कच्चं मत लिहिल्याशिवाय उघडू नका. हा एक नियम काटेकोर ठेवलात तर महिनाअखेरीला पाच पुस्तकं एकदम भरायची वेळ येत नाही, आणि तशी भरलेली मतं पुसट होण्याचा धोकाही राहत नाही.

## टप्पा ६: गुणांची मोजपट्टी

प्रत्येक गुणाचा अर्थ आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ: ५ म्हणजे पुन्हा वाचणार आणि स्वतःजवळ ठेवणार, ४ म्हणजे आपणहून दुसऱ्याला सुचवणार, ३ म्हणजे विचारलं तर सांगणार, २ म्हणजे काही भाग वगळता वेळ वाया गेला, १ म्हणजे वाचू नका असं सांगणार. तुमच्या कृतीशी जोडलेला गुण डिसेंबरातही तोच अर्थ देतो. "उत्तम, चांगलं, बरं" यांचा अर्थ मात्र मूडनुसार हलतो.

पाककृतींचं पुस्तक आणि शोकांतिका यांना एकाच रांगेत उभं करू नका. गुण त्या प्रकारातल्या पुस्तकांशी तुलना करून द्या. अर्धवट सोडलेल्याला गुण नकोत, फक्त कारण.

तपासणी: दहा पुस्तकं झाली की गुणांवर नजर टाका. सगळीकडे ४ दिसत असतील तर एकतर तुम्ही फार जपून पुस्तकं निवडताय किंवा वाईट म्हणायला कचरताय. कच्ची मतं वाचा, कोणतं ते लगेच उमगेल.

## टप्पा ७: मत इतरांपुढे मांडणं

कच्चं मत जसंच्या तसं पुढे पाठवू नका. तीन-चार दिवस जाऊ द्या, मग त्यावरून दीडशे-दोनशे शब्द नव्यानं लिहा. कच्चं मत स्वतःसाठी असतं, आणि हे अशा माणसासाठी ज्याने पुस्तक वाचलेलं नाही आणि ज्याला वाचायचं की नाही ते ठरवायचं आहे.

कथानक दोन वाक्यांत आटपा. निम्मा मजकूर गोष्ट सांगण्यात गेला तर ते मत राहत नाही. मग जमलेलं एक आणि न जमलेलं एक, दोन्ही उदाहरणासह. शेवटी कुणाला आवडेल आणि कुणी वाटेला जाऊ नये ते सांगा. हा भाग बरेच जण गाळतात, आणि वाचणाऱ्याला हवा असतो तो नेमका हाच. "संथ कौटुंबिक कादंबऱ्या आवडत असतील तर जरूर, घटना हव्या असतील तर नको" एवढं वाक्यही पुष्कळ काम करतं.

काही पथ्यं:

रहस्यभेद होत असेल तर तो भाग अगदी शेवटी, आधी स्पष्ट सूचना देऊन. पहिल्या एक-चतुर्थांश पुस्तकातलं सांगायला सहसा हरकत नसते, त्यापुढचं सांगताना दोनदा विचार करा.

अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लिहा. मूळ वाचलं नसेल तर "अनुवाद मूळाला धरून आहे" असं म्हणू नका, तुम्ही फक्त मराठी वाचताना अडखळलात की नाही एवढंच सांगू शकता. आणि अवघडलेल्या वाक्यांचा दोष थेट मूळ लेखकाच्या माथी मारू नका.

अवतरण द्यायचं तर चार-पाच ओळी, पान आणि आवृत्तीसह, पुस्तकाशी ताडून. पानांची छायाचित्रं टाकत सुटू नका.

लेखक ओळखीचा असेल किंवा पुस्तक भेट मिळालं असेल तर पहिल्याच ओळीत सांगा. टीका पुस्तकावर करा, लिहिणाऱ्याच्या माणूसपणावर नको.

पुस्तक अपुरं वाचलं असेल तर किती पानं वाचली ते लिहूनच मत द्या.

कुणी असहमती दाखवली तर त्यांना प्रसंग विचारा. त्यांनी दाखवलेलं पान पुन्हा वाचून मत बदललं, तर जुना मजकूर पुसू नका, खाली तारीख घालून जोडा. मत का बदललं हे वाचायला लोकांना फार आवडतं, आणि ते प्रामाणिकही आहे.

प्रत्येक पुस्तकावर जाहीर लिहायलाच हवं असं नाही. कच्चं मत सगळ्या पुस्तकांचं, पुढे मांडायचं ते निवडक.

## टप्पा ८: तिमाही नजर

मार्च, जून, सप्टेंबर अखेरीस पंधरा मिनिटं द्या. १६ च्या उद्दिष्टाला अनुक्रमे ४, ८ आणि १२ पुस्तकं हवीत. एखादं पुस्तक मागेपुढे असेल तर काही करू नका. दोन-तीनने मागे असाल तर कारण शोधा: वेळ मिळत नाहीये, की एकच पुस्तक अडून बसलंय? दुसरं असेल तर ते बाजूला ठेवा. पहिलं असेल तर आकडा कमी करा आणि कमी केल्याची तारीख लिहा. पातळ पुस्तकांनी भरपाई करू नका.

याच बैठकीत मतांच्या रिकाम्या जागाही मोजा. आकडा वेळेवर आणि मतं रिकामी असतील तर तुम्ही मागेच आहात, असं समजा.

## टप्पा ९: वर्ष बंद करताना

शेवटच्या आठवड्यात नवं काही संपवण्याची घाई न करता नोंद नीट करा. तारखा नसलेली पुस्तकं शोधा, दुहेरी नोंदी काढा, ऍपवरची फाइल उतरवून दोन ठिकाणी ठेवा. वही असेल तर पानांची छायाचित्रं काढा.

मग सगळी कच्ची मतं सलग वाचा. गुण बदलावेसे वाटले तर जुने तसेच ठेवा आणि शेजारी "वर्षअखेर" असा नवा रकाना करा. ज्या पुस्तकांत फरक पडला ती वेगळी काढा, त्यांतलंच एखादं पुनर्वाचनासाठी निवडा.

पुढच्या वर्षाचा आकडा या वर्षी प्रत्यक्ष वाचलेल्या पानांवरून काढा, ठरवलेल्या आकड्यावरून नाही. टप्पा १ मधले नियम, टिपून ठेवलेल्या बदलांसह, नव्या पानावर उतरवा. ३१ डिसेंबरला अपुरं राहिलेलं पुस्तक सुरुवातीच्या मूळ तारखेसह नव्या यादीच्या पहिल्या ओळीत टाका आणि त्याची चिठ्ठी पुस्तकातच राहू द्या.